जुन्या मोटारसायकलची शर्यतदीक्षा

पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात तयार होणारी आणि २०१४ साली भारतीय बाजारात आलेली के.टी.एम. कंपनीची आर.सी. ३९० ही मोटारसायकल ज्या तरुणांनी पहिल्या उमेदीत विकत घेतली, त्यांच्यापैकी अनेकांनी ती थोड्याच वर्षांत विकूनही टाकली. खाली ओढलेले हँडल, मागे व उंचावर बसवलेले फूटरेस्ट आणि पुढे झुकवणारी बैठक अशा आसनावर शहरातल्या गर्दीतून रोज कचेरीला जाणाऱ्याची मनगटे आणि कंबर महिन्याभरात गाऱ्हाणे करू लागतात, आणि सिग्नलपाशी खोळंबून राहावे लागले तर इंजिनाची धग मांड्यांना जाणवते. परंतु सडकेवर जे दोष ठरतात तेच या गाडीचे शर्यतीच्या मार्गावरील गुण होत. ३७३ घन सेंटिमीटरचे, एकाच सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन, पोलादी नळ्यांची जाळीदार चेसिस, आणि सारे मिळून सुमारे १६५ किलो वजन, एवढे भांडवल ज्या यंत्रापाशी आहे त्याला वळणावर झुकण्याची उपजत ओढ असते, आणि चालकाने आपले सर्व वजन पुढे टाकून गाडीच्या अंगाशी मिळून बसावे हीच त्याची अपेक्षा असते. म्हणूनच जुन्या बाजारातून अशी एखादी गाडी घ्यावी आणि तिला शर्यतीस लायक करावी, हा आज अनेक हौशी चालकांचा उद्योग होऊन बसला आहे.

या उद्योगाला प्रथम कायद्याची चौकट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाने राज्य सरकारच्या लेखी संमतीखेरीज सार्वजनिक जागी वेगाची चढाओढ करण्यास मनाई केली आहे, आणि त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणी झालेल्या वाहनात मूळ तपशिलाहून भिन्न असा फेरफार करण्याला आडकाठी घातली आहे. तेव्हा ज्या गाडीचे रूपांतर करायचे ती यापुढे सडकेला कायमची मुकली असे मनाशी ठरवूनच पाना हाती घ्यावा. शर्यतीच्या ठिकाणी तिला टेम्पोत चढवून न्यावे लागते. हा प्रवासही लहान नव्हे, कारण या खेळाची परंपरा आपल्या देशात प्रामुख्याने दक्षिणेत रुजली. मद्रासजवळ शोळावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी पडून होती. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबाने तिच्यावर कित्येक वर्षे शर्यती भरवल्या आणि पुढे १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरनजीक इरुंगट्टुकोट्टई येथे सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा स्वतःचा मार्ग उभा केला. कोइमतूरजवळचा २.१ किलोमीटरचा मार्ग एस. करिवर्धन यांचे नाव धारण करतो. मारुती ८०० चे इंजिन बसवलेल्या एकासनी शर्यतगाड्या घडवून ज्याने सामान्य ऐपतीच्या चालकाला हा खेळ आवाक्यात आणून दिला, आणि जो १९९५ साली विमान अपघातात गेला, त्या कल्पक माणसाचे याहून उचित स्मारक कोणते असणार! पुण्याच्या किंवा मुंबईच्या चालकाला या दोन्ही ठिकाणी पोचण्यासाठी हजार किलोमीटरहून अधिक वाट तुडवावी लागते, आणि एवढ्या दूर जाऊन एखादा बोल्ट सैल निघाल्यामुळे तपासनिसाने गाडी परत धाडली तर होणारी निराशा मोठी असते.

शर्यतीसाठी गाडी तयार करणे म्हणजे तिची शक्ती वाढवणे, असा जो सार्वत्रिक समज आहे तो मुळातच चुकीचा आहे असे माझे मत आहे. जर्मनीतील आडाक या वाहनचालक संघाने २०१४ पासून होतकरू मुलांसाठी जी चषक शर्यत याच आर.सी. ३९० वर चालवली, तिच्यासाठी खुद्द निर्मात्यानेच पुरवलेल्या गाड्यांची शक्ती सडकेवरच्या गाडीपेक्षा हेतुपुरस्सर कमी राखलेली होती. आणि तरीही त्या गाड्या मार्गावर सडकेच्या गाडीपेक्षा अधिक भरवशाने आणि अधिक त्वरेने धावत. याचे मर्म ध्यानी घ्यायचे तर शर्यतीचा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. वीस-पंचवीस गाड्या एकमेकींच्या चाकाला चाक लावून एका वळणात शिरत आहेत, प्रत्येक चालक गाडी इतकी कलवून बसला आहे की त्याचा गुडघा डांबराला घासतो आहे, आणि त्या क्षणी सर्वांत पुढच्या गाडीच्या इंजिनाखालचा तेलाचा बोल्ट कंपनाने सैल होऊन पेलाभर तेल मार्गावर सांडते. ज्याच्या गाडीतून ते सांडले तो कदाचित सुखरूप पुढे निघून जाईल. पण त्याच्यामागून येणाऱ्या निरपराध चालकाच्या चाकाखालची जमीन नाहीशी होईल. हौशी शर्यतीचे नियम वाचले असता ध्यानात येते की त्यांतली बरीच कलमे या मागून येणाऱ्या माणसाच्या रक्षणासाठी लिहिलेली आहेत, आणि गाडी तयार करणाऱ्याने तीच दृष्टी स्वीकारली तर पुढचे प्रत्येक काम त्याला आपोआप सुचत जाते.

गाडी घेताना रंगरूपाकडे पाहू नये. शर्यतीच्या गाडीचे बाह्य कवच नाहीतरी उतरवायचे असते, त्यामुळे ओरखडे पडलेली, आरसे तुटलेली, टाकीला पोचा आलेली गाडी स्वस्तात मिळत असेल तर ती खुशाल घ्यावी. मात्र चेसिसची पूर्ण खातरजमा झाल्याविना घेऊ नये. नोंदणीचे पुस्तक, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला, चेसिसवर व इंजिनावर कोरलेले क्रमांक आणि दस्तऐवजातले क्रमांक यांचा मेळ, हे सारे पाहावेच, कारण सडकेवर जाणार नसली तरी चोरीची गाडी ती चोरीचीच. त्यानंतर गाडी सरळ उभी करून, भिंत रचताना गवंडी दोरी धरतो तशी मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून धरावी. दोन्ही बाजूंचे अंतर सारखे भरले नाही तर मागचे चाक धुऱ्यावर वाकडे बसले आहे, की फोर्क वाकला आहे, की चेसिसच फिरली आहे, याचा छडा लावणे प्राप्त होते. यांपैकी पहिल्याला इलाज पाच मिनिटांचा, दुसऱ्याला खर्चाचा, आणि तिसरा दोष असेल तर ती गाडी घेऊच नये. पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश फिरवले असता मध्यावर कोठे अडखळल्यासारखे वाटले तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतला बेअरिंगचा संच, संपला आहे असे समजावे. हा किरकोळ भाग आहे, आणि किंमत घासाघीस करून कमी करून घेण्यास उपयुक्त आहे.

गाडी घरी आली की पहिले काम काढून टाकण्याचे. हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, नंबरपाटी, हॉर्न, साडीगार्ड, मागच्या स्वाराचे फूटरेस्ट, यांतले जे पडल्यावर फुटेल, काचा पसरवील किंवा दुसऱ्याला टोचेल ते सर्व जाते, आणि गाडी काही किलोंनी हलकी होते. साइड स्टँडही काढावा लागतो, कारण वळणात तो खाली आला तर गाडी उडते. मात्र त्याच्याशी जोडलेला विजेचा स्विच ध्यानात ठेवून त्याच्या तारा योग्य रीतीने जोडून द्याव्या लागतात, नपेक्षा गिअर टाकताच इंजिन बंद पडते आणि नवखा माणूस तासन्‌तास पेट्रोलचा मार्ग तपासत बसतो.

यानंतर जे काम येते ते या साऱ्या उद्योगाचा प्राण आहे असे मी मानतो, आणि ते म्हणजे बोल्टांना तारेने जखडणे. एकाच सिलिंडरचे इंजिन मिनिटाला नऊ-नऊ हजार फेरे घेऊ लागले की त्याच्या थरथरीने कोणताही बोल्ट, तो कितीही आवळलेला असो, हळूहळू सुटू पाहतो. त्यावर उपाय असा की तेल काढण्याचा बोल्ट, तेलाच्या गाळणीवरच्या झाकणाचे बोल्ट, तेल भरण्याचे झाकण आणि पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट, या प्रत्येकाच्या माथ्याला दीड मिलिमीटरच्या आसपासचे आरपार छिद्र पाडायचे, त्यातून सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीची न गंजणारी पोलादी तार ओवायची, तिची दोन्ही टोके पकडीने एकसारखा पीळ देत शेजारच्या एखाद्या स्थिर भागापर्यंत न्यायची आणि तेथे बांधून टाकायची. तारेची दिशा अशी हवी की बोल्ट सुटू लागला तर तार ताणली जाऊन त्याला परत आवळण्याच्या बाजूला ओढील. उलट बाजूने बांधलेली तार डोळ्यांना तितकीच सुबक दिसते पण तिचा उपयोग शून्य. कठीण पोलादाच्या लहानशा माथ्याला इतके बारीक छिद्र पाडताना ड्रिलची पाती पटापट मोडतात, म्हणून हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी, जेथे लेथवर आयुष्य घालवलेले कारागीर आहेत, तेथे करून घेणे शहाणपणाचे. बोल्ट जुना असेल तर नवा आणून मगच छिद्र पाडावे, आणि अॅल्युमिनियममधले आटे गेलेले आढळले तर नवे आटे पाडून त्यात पोलादी वेटोळे बसवून घ्यावे. गेलेल्या आट्यांत बसवलेल्या बोल्टाला तार बांधणे ही स्वतःचीच फसवणूक होय. या कामात एक-दोन संध्याकाळी सहज जातात, आणि प्रत्येक बोल्ट अशा रीतीने हाताखालून गेल्यामुळे मालकाची आपल्या यंत्राशी जी ओळख होते ती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नाही.

तेलाप्रमाणेच पाण्याचीही गोष्ट आहे. रेडिएटरमध्ये सडकेच्या गाडीत जे हिरवे किंवा निळे द्रावण असते त्यात ग्लायकॉल हे रसायन असते. ते थंड प्रदेशात पाणी गोठू देत नाही आणि धातूला गंजापासून वाचवते, परंतु मार्गावर सांडले तर ते तेलासारखे निसरडे राहते आणि लवकर सुकतही नाही. म्हणून शर्यतीत त्याला बहुतेक ठिकाणी बंदी आहे. त्याच्याऐवजी शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घालतात, आणि गंज रोखणारे एखादे अनुमत रसायन थोड्या प्रमाणात मिसळतात. मद्रासच्या उन्हात पाणी गोठण्याचे भय नाहीच, आणि उष्णता वाहून नेण्याच्या कामी निव्वळ पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस ठरते, त्यामुळे या बंदीत नुकसान काहीच नाही. इंजिनाच्या श्वासनळीतून बाहेर येणाऱ्या तेलाच्या वाफेसाठी एक लहान डबा जोडतात, आणि फेअरिंगचा खालचा भाग असा बनवतात की इंजिन फुटलेच तर त्यातले तेल त्या पन्हळीत साचावे, मार्गावर जाऊ नये.

आता ब्रेक. वस्तूच्या गतीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा शाळेत शिकलेला नियम येथे हाताला चटका देऊन पटतो. गाडी व चालक मिळून २४० किलो वजन धरले तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना ती थांबवण्यासाठी ब्रेकला जेवढी ऊर्जा गिळावी लागते, तिच्या सव्वासहा पट ऊर्जा ताशी १५० किलोमीटरवर गिळावी लागते. आणि सडकेवर असा प्रसंग क्वचित, तर मार्गावर तो प्रत्येक फेरीत अनेक वळणांपाशी येतो. ही सारी ऊर्जा उष्णता होऊन डिस्कमध्ये, पॅडमध्ये आणि शेवटी ब्रेकच्या तेलात उतरते. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. परंतु हे तेल हवेतली ओल शोषून घेते, आणि ओल भिनल्यावर त्याचा उत्कलनबिंदू १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. कोकणात एक पावसाळा काढलेल्या गाडीतले तेल म्हणूनच संशयास्पद मानावे. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते पण दाब पुढे पोचवत नाही, आणि ब्रेकचा दांडा हँडलला येऊन टेकला तरी गाडी थांबत नाही. याला प्रतिबंध स्वस्त आहे: नव्या सीलबंद बाटलीतले तेल घालून जुने पूर्ण काढावे, नळीतली हवा बारकाईने बाहेर काढावी, मार्गासाठी बनवलेले पॅड बसवावेत, आणि शक्य असेल तर दाबाने फुगणाऱ्या रबरी नळीच्या जागी पोलादी जाळीने मढवलेली नळी आणावी. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत त्याने ते सर्वांत आधी येथे खर्चावेत.

ब्रेकच्या पाठोपाठ टायर आणि शॉकअब्सॉर्बर यांचा क्रम लागतो, आणि या दोहोंत बहुतेक नवशिके उलटा न्याय करतात. टायरच्या अंगावर लहान चौकटीत चार आकडे असतात; पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. जुन्या गाडीबरोबर आलेला टायर नक्षीने भरगच्च दिसत असला तरी रबर वाळून कठीण झालेले असते, आणि कठीण रबर डांबराला धरत नाही. त्याच्या जागी चांगल्या प्रतीचे ताजे स्पोर्ट सडकटायर घातले तरी हौशी चालकाला पहिले वर्षभर ते पुरून उरतात. पूर्ण गुळगुळीत शर्यतटायर विशिष्ट उष्णतेला पोचल्यावाचून आपला गुण देत नाहीत आणि ती उष्णता निर्माण करण्याइतका वेग नवशिक्यापाशी नसतो. हवेचा दाब सडकेपेक्षा थोडा कमी ठेवतात, कारण धावताना टायर तापून आतल्या हवेचा दाब वाढतो. गाडी आत आल्याबरोबर गरम टायरचा दाब मोजून त्याची नोंद ठेवणे हाच येथे खरा मार्गदर्शक.

शॉकअब्सॉर्बरच्या जुळवणीचा आरंभ चालकाच्या वजनापासून होतो. गाडी उचलून मागचे चाक लोंबकळत असताना धुऱ्यापासून बैठकीखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग गाडी जमिनीवर ठेवून पूर्ण पोशाखातला चालक तिच्यावर बसला असता तेच अंतर पुन्हा मोजावे. या दोहोंतली तफावत मार्गासाठी बहुधा ३० मिलिमीटरच्या आसपास असावी. फार कमी आढळली तर स्प्रिंग त्या माणसाला जड आहे आणि चाक खाचखळग्यांवर उड्या मारील. फार जास्त आढळली तर गाडी मागे बसते, पुढचे चाक हलके होते आणि वळणातून बाहेर पडताना गाडी रुंद जाते. पहिल्या पिढीच्या आर.सी. ३९० च्या पुढच्या फोर्कला बाहेरून जुळवणी करण्याची सोय नाही, त्यामुळे तेथे आतली स्प्रिंग आणि तेलाचा दाटपणा बदलूनच काम साधावे लागते. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, त्याचा आवाज येत नाही, त्याचे छायाचित्र काढता येत नाही. पण सायलेन्सरवर उधळलेल्या रकमेच्या निम्म्या खर्चात केलेली ही जुळवणी फेरीमागे जो वेळ वाचवते तो सायलेन्सर कधीच वाचवत नाही.

इंजिनाविषयी म्हणूनच थोडक्यात सांगतो. कॉम्प्रेशन मोजावे, व्हॉल्व्हचे अंतर ठरल्याप्रमाणे करावे, क्लचच्या प्लेटा झिजल्या असतील तर बदलाव्यात, हवेची गाळणी स्वच्छ करावी, ताजे तेल घालावे, आणि मग त्याला हात लावू नये. वेग जुळवायचाच असेल तर तो चेन-स्प्रॉकेटवर जुळवावा: पुढे १५ आणि मागे ४५ दाते असतील तर प्रमाण ३ येते, मागे ४७ दात्यांचे चक्र बसवले तर ते ३.१३ होते, आणि गाडीचा सर्वोच्च वेग किंचित घटून वळणातून सुटतानाची तडफ वाढते. कोइमतूरसारख्या आखूड मार्गावर हा सौदा फायद्याचा ठरतो. चेन खालून मागच्या चक्रावर जेथे चढते तेथे माशाच्या परासारखी एक पाती बसवणे सक्तीचे असते, जेणेकरून पडलेल्या चालकाचे बोट त्यात अडकू नये. हँडलची टोके बुजवलेली, दांड्यांची टोके गोल, आणि थ्रॉटल सोडताच आपोआप मिटणारा हवा. हँडल डावीउजवीकडे पूर्ण वळवूनही तो मिटतो ना, हे पाहावे, कारण केबल कोठे अडकत असेल तर ती नेमकी वळणातच अडकेल.

चालकाच्या पोशाखात काटकसर करू नये, एवढेच त्याविषयी बोलणे पुरे. जाड चामड्याचा पोशाख, पाठीचे संरक्षक, घोट्यावर जाणारे बूट, लांब बाह्यांचे हातमोजे आणि पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट यांची किंमत जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू शकते, आणि हौशी माणसाने अंदाजपत्रक मांडताना ती रक्कम आधी बाजूला काढून उरलेल्या पैशांत गाडी शोधावी.

शर्यतीच्या ठिकाणी पोचल्यावर गाडी प्रथम तपासनिसापुढे उभी राहते. तो हँडल हलवतो, थ्रॉटल सोडून पाहतो, बंद करण्याचे बटण दाबून इंजिन मरते की नाही याची खात्री करतो, खाली वाकून एकेक तार बोटाने चाचपतो आणि मगच गाडीवर मान्यतेची खूण चिकटवतो. अनुभवी चालक या तपासणीला अडथळा मानत नाही. प्रत्येक सरावानंतर तो स्वतःच तीच तपासणी पुन्हा करतो, चेनचा ताण, पॅडची जाडी, टायरचा दाब वहीत टिपून ठेवतो. एवढ्यावरही यंत्र ते यंत्रच, आणि म्हणून मार्गाच्या कडेला निशाणे घेतलेली माणसे उभी असतात. पिवळ्यावर तांबडे पट्टे असलेले निशाण दिसले तर पुढे मार्गावर तेल किंवा पाणी सांडले आहे असे समजून सर्वांनी सावध व्हायचे. काळ्या निशाणाच्या मध्यभागी नारिंगी वर्तुळ असेल आणि त्यासोबत आपला क्रमांक दाखवला जात असेल, तर आपल्याच गाडीतून काहीतरी गळते किंवा लोंबते आहे. अशा वेळी चालकाने आपले स्थान कितवे आहे याचा विचार न करता गाडी ताबडतोब मार्गाबाहेर घ्यायची असते, आणि दुरुस्ती होऊन अधिकाऱ्यांची खातरजमा झाली तर त्याला पुन्हा मार्गावर उतरण्याची मुभा असते.